पहिल्या क्रमांकाची भाषा आणि पहिल्या वर्षाचा वर्ग

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या संगणकशास्त्र व संगणक अभियांत्रिकी अभ्यास मंडळांच्या सन्माननीय सदस्यांस,



दर चार-पाच वर्षांनी अभ्यासक्रमाचा नवा ‘पॅटर्न’ येतो. पुण्यात तर अभियांत्रिकीचे विद्यार्थी ‘मी २०१५ पॅटर्नचा’, ‘मी २०१९ पॅटर्नचा’ अशीच स्वतःची ओळख सांगतात. प्रत्येक नव्या पॅटर्नच्या वेळी पहिल्या वर्षाला कोणती प्रोग्रामिंग भाषा ठेवायची हा प्रश्न तुमच्यापुढे येतो आणि त्याबरोबर एक युक्तिवादही सहज पुढे येतो: अमुक भाषा जगात पहिल्या क्रमांकावर आहे, तेव्हा तीच शिकवू या. या युक्तिवादाला उत्तर म्हणून हे पत्र लिहीत आहे. माझा विरोध कोणत्याही एका भाषेला नाही. लोकप्रियतेचे तक्ते म्हणजे बाजारात आधीच होऊन गेलेल्या निर्णयांची नोंद. विद्यार्थ्याचा पाया कशावर घालावा याचे उत्तर त्या नोंदीत सापडत नाही. यंदा प्रवेश घेणारा विद्यार्थी चार वर्षांनी पदवी घेईल आणि २०६५ च्या आसपास निवृत्त होईल. एवढ्या लांबच्या वाटेची शिदोरी एका महिन्याच्या क्रमवारीवरून बांधता येणार नाही.

आधी हे तक्ते नेमके काय मोजतात ते पाहू. सर्वाधिक उद्धृत होणारा तक्ता नेदरलँड्समधील आइंडहोवेनच्या टिओबे या कंपनीचा आहे आणि तो २००१ पासून दर महिन्याला निघतो. भाषेच्या नावापुढे ‘प्रोग्रामिंग’ हा शब्द जोडायचा, गूगल, बिंग, विकिपीडिया, ॲमेझॉन, बायडू अशा पंचवीसेक ठिकाणी शोध घ्यायचा, किती नोंदी सापडल्या ते मोजायचे आणि त्यावरून टक्केवारी काढायची, अशी त्याची पद्धत आहे. ती भाषा किती जण लिहितात, तिच्यातला किती कोड रोज चालतो, तिच्या जोरावर किती जणांचे पोट भरते, यांपैकी काहीही येथे मोजले जात नाही. हा तक्ता सर्वोत्तम भाषेचा नाही आणि सर्वाधिक लिहिल्या गेलेल्या कोडचाही नाही, असे कंपनी स्वतःच स्पष्ट सांगते. पण क्रमांक सांगताना आपल्याकडे हा खुलासा गळून पडतो. ऑगस्ट २०१७ मध्ये या तक्त्यात सी भाषेचा वाटा सुमारे साडेसहा टक्के होता. सप्टेंबर २०१८ मध्ये तो पंधरा टक्क्यांच्या वर गेला. लिनक्सचे कर्नल, मोटारींतले नियंत्रक, वॉशिंग मशीनमधल्या चिपा, वीजमीटर, ही सगळी यंत्रणा त्या तेरा महिन्यांत पूर्वीसारखीच चालू होती. सीचा वापर दुपटीहून वाढावा असे जगात काहीच घडले नव्हते. असा चढउतार मोजपट्टीचा असतो. एसक्यूएलचे उदाहरण याहून बोलके आहे. बँकेपासून रेल्वे आरक्षणापर्यंत सगळीकडे असलेल्या या भाषेला टिओबेच्या तक्त्यात अनेक वर्षे जागा नव्हती. २०१८ मध्ये तिला प्रोग्रामिंग भाषा मानायचे ठरले आणि ती लगेच तक्त्याच्या वरच्या भागात दिसू लागली. व्याख्या बदलली आणि क्रमांक आला. गो ही भाषा गूगलने नोव्हेंबर २००९ मध्ये जाहीर केली आणि टिओबेने २००९ चीच ‘वर्षाची भाषा’ म्हणून तिची निवड केली, कारण तो मान त्या वर्षात सर्वाधिक वाढलेल्या टक्केवारीला मिळतो. दोन महिन्यांच्या भाषेवर कोणी अभ्यासक्रम उभारणार नाही हे उघड आहे. मग वीस महिन्यांच्या आलेखावर तरी का उभारावा?

इतर तक्त्यांची मोजमापे वेगळी आहेत आणि म्हणून उत्तरेही वेगळी. स्टॅक ओव्हरफ्लोच्या वार्षिक सर्वेक्षणात जावास्क्रिप्ट वर्षानुवर्षे सर्वाधिक वापरली जाणारी भाषा ठरत आली आहे. गिटहबच्या २०२४ च्या अहवालात पायथनने तिला मागे टाकले आणि पुढच्याच वर्षी तेथे टाइपस्क्रिप्ट पहिली आली. टिओबेत मात्र ऑक्टोबर २०२१ मध्ये पायथनने प्रथमच पहिले स्थान घेतले आणि २०२५ मध्ये तिचा वाटा पाव हिश्श्याच्याही वर गेला. म्हणजे ‘जगात पहिली भाषा कोणती’ याला एकाच वर्षात तीन उत्तरे मिळतात आणि तिन्ही आपापल्या मोजपट्टीनुसार खरी असतात. आवड आणि वापर यांतले अंतर तर आणखी मोठे आहे. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२४ च्या सर्वेक्षणात रस्ट वापरून पाहिलेल्यांपैकी सुमारे ८३ टक्क्यांना ती पुढेही वापरायची होती, पण उत्तर देणाऱ्या आठांपैकी साधारण एकानेच ती वापरली होती. शिवाय या मोजण्यांचा कच्चा मालच आता बदलतो आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून स्टॅक ओव्हरफ्लोवर विचारले जाणारे प्रश्न झपाट्याने घटले. त्या प्रश्नांच्या संख्येवर बेतलेले क्रम काल जे सांगत होते तेच आजही सांगत असतील, असे धरून चालता येत नाही.

मग भाषा वर का जातात? ऑब्जेक्टिव्ह-सीची कहाणी या बाबतीत सर्वांत शिकवणारी वाटते. ब्रॅड कॉक्स आणि टॉम लव्ह यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती तयार केली. स्टीव्ह जॉब्स यांच्या नेक्स्ट या कंपनीने ती वापरायला घेतली, पुढे नेक्स्ट ॲपलने विकत घेतली आणि भाषाही ॲपलकडे आली. जवळजवळ पंचवीस वर्षे तिचे नाव फारसे कोणी घेत नव्हते. २००८ मध्ये आयफोनचे ॲप स्टोअर उघडले आणि त्यावर ॲप विकायचे तर हीच भाषा यायला हवी, अशी स्थिती झाली. २०११ आणि २०१२ अशी सलग दोन वर्षे ती टिओबेची ‘वर्षाची भाषा’ होती. २०१२ मध्ये तिने सी प्लस प्लसला मागे टाकून तिसरे स्थान घेतले. मग जून २०१४ मध्ये ॲपलने स्विफ्ट जाहीर केली आणि ऑब्जेक्टिव्ह-सीची उतरण सुरू झाली. चढताना आणि उतरताना भाषा जवळजवळ तीच होती. बदलले ते एका कंपनीचे धोरण. आता अशी कल्पना करा की २०१२ मध्ये एखाद्या अभ्यास मंडळाने तक्ता पाहून या तिसऱ्या क्रमांकाच्या भाषेवर पहिले वर्ष बांधले. विद्या परिषदेची मंजुरी, पुस्तके, प्रयोगशाळेतली यंत्रे, शिक्षकांची कार्यशाळा एवढे सगळे होऊन २०१३ मध्ये पहिली तुकडी बसली असती. ती २०१७ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडली असती, म्हणजे खुद्द ॲपलनेच त्या भाषेकडे पाठ फिरवायला सुरुवात केल्यानंतर तीन वर्षांनी. हे उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातले वेळापत्रक आपल्या विद्यापीठांचे खरे वेळापत्रक आहे. तक्ता महिन्याला हलतो, पॅटर्न चार-पाच वर्षांनी हलतो आणि माणसाचे काम चाळीस वर्षे चालते.

इतर भाषांचेही असेच झाले. रूबी २००४ मध्ये रेल्स ही फ्रेमवर्क आल्यावर वर आली. जावास्क्रिप्ट ब्राउझरमध्ये चालणारी एकमेव भाषा म्हणून सर्वत्र पसरली. पर्ल वेबच्या पहिल्या लाटेवर चढली आणि लाट ओसरल्यावर मागे पडली. भाषा स्वतःच्या गुणांपेक्षा भोवतालच्या परिस्थितीमुळे वर जाते, हे निरीक्षण फक्त किश्शांवर उभे नाही. लिओ मायरोविच आणि एरियल रॅबकिन यांनी हजारो प्रोग्रामरांची सर्वेक्षणे आणि खुल्या प्रकल्पांची आकडेवारी तपासून २०१३ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध केले. भाषा निवडताना प्रोग्रामर सर्वांत जास्त पाहतात ते तयार लायब्ररी, आधीपासून असलेला कोड आणि स्वतःचा सराव. भाषेचे अंगभूत गुण दुय्यम ठरतात, असे त्यांना आढळले. धंद्यात हे शहाणपणाचेच आहे. सहा महिन्यांत ग्राहकाला काम द्यायचे असेल तर ज्या भाषेत अर्धे काम तयार मिळते तीच घ्यावी. पण विद्यापीठाला सहा महिन्यांत काही पाठवायचे नसते. त्याच अभ्यासाचा आणखी एक निष्कर्ष तर थेट तुमच्यासाठी आहे: शिक्षणात वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा भेटलेले प्रोग्रामर पुढे कामातही अधिक विविध भाषा निवडतात. पहिल्या दोन वर्षांत वर्गात काय घडते त्याचा परिणाम माणसाच्या कामावर वर्षानुवर्षे टिकतो, असा याचा अर्थ होतो.

पायथनलाही हीच कसोटी लावू. गिडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या डिसेंबरात ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेत तिचे काम सुरू केले आणि १९९१ मध्ये ती लोकांपुढे आली. पहिल्या स्थानावर पोहोचायला तिला तीस वर्षे लागली. मधल्या काळात नमपाय, पांडाज, टेन्सरफ्लो, पायटॉर्च अशा लायब्ररी तिच्याभोवती जमल्या आणि विदाविज्ञान व यंत्रशिक्षणाची लाट आली, तेव्हा हाताशी असलेली सर्वांत सोयीची भाषा तीच होती. पण त्या लायब्ररींच्या आत पाहिले तर काय दिसते? पायथनचा नेहमीचा इंटरप्रिटर सीमध्ये लिहिलेला आहे. नमपायचा गाभा सीमध्ये आहे. रेषीय बीजगणितासाठी ती ज्या लॅपॅकच्या पद्धती वापरते, त्या मुळात फोर्ट्रानमध्ये लिहिल्या गेल्या. पायटॉर्चचे इंजिन सी प्लस प्लसमध्ये आहे. पहिल्या क्रमांकाच्या भाषेचा वेग जुन्या भाषांकडून आलेला आहे. ज्या विद्यार्थ्याला फक्त वरचा थर शिकवला, त्याला पायटॉर्च वापरता येईल. पायटॉर्चसारखे काही घडवणे मात्र त्याच्या आवाक्याबाहेर राहील. आपल्या विद्यापीठांतून साधने घडवणारी माणसे निघावीत, अशी माझी तळमळ आहे आणि म्हणूनच हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

तक्त्यात खाली जाणे म्हणजे संपणे, हाही एक गैरसमज आहे. एप्रिल २०२० मध्ये कोविडमुळे बेरोजगारीचे लक्षावधी अर्ज आले, तेव्हा अमेरिकेतील न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबॉल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना मदतीचे जाहीर आवाहन केले, कारण राज्याची यंत्रणा १९५९ मध्ये आखलेल्या त्या भाषेवर चालत होती. फोर्ट्रान त्याहूनही जुनी, १९५७ सालची. आपल्या पावसाशी तिचा थेट संबंध आहे. पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ मध्ये सुरू झालेल्या मान्सून मिशनसाठी अमेरिकेचे जे सीएफएस हे हवामान मॉडेल घेतले आणि भारतीय मान्सूनसाठी सुधारले, त्याचा गाभा फोर्ट्रानमध्ये आहे. पेरणी कधी करावी याचा विचार करणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत जे अंदाज पोहोचतात, त्यांच्यामागे अशा मॉडेलांचे काम असते. टिओबेच्या तक्त्यात फोर्ट्रान काही काळ पहिल्या विसांतही नव्हती, २०२१ मध्ये ती त्यांत परतली आणि २०२४ मध्ये पहिल्या दहांत दिसली. त्या सर्व काळात मॉडेले तीच होती आणि पाऊसही पडत होता. पुण्याच्या एखाद्या मुलीला उद्या पाषाणच्या त्या संस्थेत मान्सूनवर काम करायचे असेल, तर फोर्ट्रान तिला तीन आठवड्यांत शिकता यायला हवी. ती तिला पहिल्या वर्षी शिकवली होती का, याला फारसे महत्त्व नाही. नवी भाषा तीन आठवड्यांत शिकण्याची तयारी तिच्यात कोणी करून घेतली, हा खरा प्रश्न आहे.

ती तयारी कल्पनांतून येते, आणि कल्पना भाषांहून कितीतरी दीर्घायुषी असतात. वापरून झालेली मेमरी आपोआप मोकळी करण्याची युक्ती जॉन मॅकार्थी यांच्या लिस्पमध्ये १९६० च्या सुमारास आली. सर्वसाधारण कंपन्यांच्या रोजच्या कामात ती रुळली १९९५ मध्ये जावा आल्यावर. नमुना जुळवून विदेचे भाग सुटे करण्याची पद्धत एडिनबरोत रॉबिन मिल्नर यांच्या गटाने १९७० च्या दशकात घडवलेल्या एमएलच्या कुळात वाढली. पायथनमध्ये ती २०२१ मध्ये आली आणि जावाच्या स्विच विधानात २०२३ मध्ये स्थिरावली. रस्टचा पहिला कंपायलर ओकॅमलमध्ये, म्हणजे याच कुळातल्या भाषेत, लिहिला गेला होता. तक्त्याच्या तळाशी राहिलेल्या भाषांत जे शिकता येत होते ते कित्येक दशकांनी तक्त्याच्या माथ्यावरच्या भाषांत पोहोचते, असे हे चित्र आहे. एमएल शिकलेल्या माणसाला २०२१ ची पायथन नवी वाटली नसेल. पायथनच शिकलेल्या माणसाला ती नव्याने शिकावी लागली.

भाषा बदलली तरी कल्पना टिकतात, हे परीक्षांतही दिसते. अमेरिकेत महाविद्यालयपूर्व विद्यार्थ्यांसाठी ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट नावाच्या परीक्षा असतात. त्यांतला संगणकशास्त्राचा पेपर १९८४ मध्ये पास्कलमध्ये सुरू झाला, १९९९ मध्ये सी प्लस प्लसवर गेला आणि २००४ पासून जावावर आहे. तीन भाषा झाल्या, पण ॲरे, रिकर्शन, शोध, क्रमवारी, विदेची रचना हे विषय तिन्ही काळांत राहिले. १९९० मध्ये पास्कलमधून रिकर्शन नीट समजलेल्या मुलाला ते आजही येत असेल, आणि ज्याने फक्त पास्कलची विरामचिन्हे पाठ केली त्याच्या हाती काही उरले नसेल.

एका उदाहरणापाशी थोडे थांबावेसे वाटते. द्विभाजन शोध, म्हणजे बायनरी सर्च, प्रत्येक पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात असतो. खालची आणि वरची सीमा मिळवून दोनाने भागायचे आणि मधला घटक पाहायचा. जून २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी दाखवून दिले की जावाच्या अधिकृत लायब्ररीतल्या याच पद्धतीत सुमारे नऊ वर्षे एक चूक दडलेली होती. ॲरेत १०७ कोटींहून अधिक घटक असतील तर दोन सीमांची बेरीज ३२ बिटांत मावत नाही, ती ऋण होते आणि प्रोग्राम कोसळतो. ही चूक त्यापूर्वी नामवंत पुस्तकांतूनही निसटली होती. पायथनमध्ये पूर्णांकाला अशी मर्यादा नाही, त्यामुळे तेथे ही बेरीज कधीच चुकत नाही आणि पायथनमध्येच वाढलेल्या विद्यार्थ्याला असे काही असते याचा पत्ता लागत नाही. तोच विद्यार्थी नमपायच्या ३२ बिटांच्या ॲरेवर काम करू लागला की ती मर्यादा परत येते, आणि बेरीज गुपचूप चुकते. यंत्रातली संख्या कागदावरच्या संख्येसारखी अमर्याद नसते, ही एक कल्पना ज्याला भेटली तो कोणत्याही भाषेत सावध राहील. ती भेट घडवून आणणे हे अभ्यासक्रमाचे काम आहे.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप प्लेसमेंटचा. बीडहून किंवा गडचिरोलीहून कर्ज काढून मुलाला शिकायला पाठवणाऱ्या घराला चाळीस वर्षांची गोष्ट सांगून चालणार नाही. त्यांना पहिली नोकरी हवी असते, आणि ती मागणी पूर्णपणे रास्त आहे. पण कॅम्पस भरती प्रत्यक्षात कशी होते ते पाहा. कोडिंगच्या चाचण्यांत बहुधा उमेदवाराला भाषा निवडता येते, आणि प्रश्न असतात ॲरे, स्ट्रिंग, रिकर्शन, गुंतागुंत यांवर. एक लाख नावांच्या यादीत एक लाख वेळा शोध घ्यायचा असेल तर यादी चाळत बसणारा प्रोग्राम हजार कोटी तुलनांपर्यंत जातो आणि हॅश वापरणारा लाखाच्या आसपास राहतो. चाचणीत वेळ संपून बाद होणारी मुले इथे अडकतात, आणि दोन्ही प्रोग्राम पायथनमध्येच लिहिलेले असू शकतात. मोठ्या कंपन्या नव्या अभियंत्यांना काही महिने प्रशिक्षण देतात. इन्फोसिसचा म्हैसूरचा परिसर त्यासाठीच उभा आहे. २००० सालचा तारखांचा प्रश्न सोडवायला १९९० च्या दशकाअखेर हजारो भारतीय अभियंते कोबॉलवर काम करू लागले, आणि तेव्हा कोबॉल कोणाच्याही आवडत्या यादीत नव्हती. मागणी अशी अचानक येते, आणि पाया असलेला माणूसच ती उचलू शकतो. गेटच्या संगणकशास्त्राच्या पेपरात आजही प्रोग्रामिंग सीमध्ये आहे आणि २०२४ पासून सुरू झालेल्या विदाविज्ञानाच्या पेपरात पायथन आहे. परीक्षा ठरवणाऱ्यांनी तेथे क्रमांक पाहिला नाही, हेतू पाहिला. तुम्हीही तेवढेच करावे. बाजारात चालणाऱ्या भाषा आणि फ्रेमवर्क तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या ऐच्छिक विषयांत जरूर असाव्यात आणि त्या दर वर्षी बदलण्याची मुभा असावी. तक्त्याचा योग्य उपयोग तेथे आहे.

दुसरा आक्षेप सोपेपणाचा. पायथनमध्ये पहिला प्रोग्राम एका ओळीत होतो. मराठी माध्यमातून आलेल्या, घरी संगणक नसलेल्या मुलांची पहिली भीती तिच्यामुळे लवकर जाते. हे मला पूर्ण मान्य आहे, आणि पहिल्या सत्रात पायथन ठेवायला हे कारण पुरेसे आहे. यंत्र, स्थापत्य किंवा जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्याला तर कदाचित संपूर्ण पदवीत तेवढीच पुरेल. पण हे कारण अध्यापनाचे आहे, क्रमांकाचे नाही. उद्या पायथन चौथ्या स्थानावर गेली तरी ते खरेच राहील. शिवाय सोपेपणा सगळा भाषेतच असतो असेही नाही. आयआयटी मुंबईचे प्रा. अभिराम रानडे यांनी सी प्लस प्लस शिकवण्यासाठी सिंपलसीपीपी ही लायब्ररी आणि तिच्यासह एक पाठ्यपुस्तक तयार केले. त्यात विद्यार्थी पहिल्याच दिवशी पडद्यावरच्या कासवाला आज्ञा देऊन आकृत्या काढतो. अवघड मानल्या गेलेल्या भाषेतही प्रवेश इतका हळुवार करता येतो, फक्त त्यासाठी कोणाला तरी मन लावून साहित्य घडवावे लागते.

येथे उलट बाजूचा धोकाही सांगायला हवा. माझे म्हणणे ‘जुने तेच ठेवा’ असे वाचले जाऊ नये. आपल्या कित्येक महाविद्यालयांत टर्बो सी प्लस प्लस हे १९९० च्या दशकारंभीचे, डॉसवरचे साधन दोन-तीन दशके वापरात राहिले. १९९८ मध्ये आलेले सी प्लस प्लसचे पहिले अधिकृत मानक त्या कंपायलरला ठाऊकच नव्हते, आणि मुले ‘व्हॉइड मेन’ व ‘कोनिओ’ हे शास्त्र समजून पाठ करीत होती. ती तक्त्याची गुलामगिरी नव्हती, सवयीची होती, आणि तिने तेवढेच नुकसान केले. सी शिकवायची तर ती आजच्या कंपायलरवर आणि तिच्या धोक्यांसह शिकवावी. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले की आपल्या उत्पादनांतल्या सुरक्षाविषयक त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या चुकांमुळे असतात. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये रस्टला जागा मिळाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्हाइट हाउसने मेमरी सुरक्षित राखणाऱ्या भाषांकडे वळण्याचे आवाहन केले. हे का घडते आहे ते समजण्यासाठी विद्यार्थ्याने पॉइंटर एकदा तरी स्वतः चुकवून पाहिलेला असावा.

कोड आता कृत्रिम बुद्धिमत्ताच लिहील, मग भाषेची एवढी चर्चा कशाला, असेही विचारले जाते. ही साधने सार्वजनिक कोडवर घडलेली आहेत, त्यामुळे ज्या भाषेत कोड मुबलक तिच्यात ती सफाईने लिहितात आणि त्यामुळे ती भाषा आणखी पसरते. तक्त्यातला पहिला क्रमांक अशा रीतीने स्वतःलाच बळ देत राहील, म्हणजे त्यातून मिळणारी माहिती आणखी कमी होईल. आणि ओळी लिहिण्याचे काम यंत्राकडे गेले की माणसाकडे उरते ते लिहिलेले तपासण्याचे काम. त्या नऊ वर्षे दडलेल्या बेरजेसारखी चूक यंत्राने लिहिलेल्या सफाईदार कोडमध्ये आली, तर ती कोणाच्या नजरेला पडेल?

शिक्षक कोठून आणायचे, हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असेल. खरे तर याच कारणासाठी तक्त्यामागे धावणे थांबायला हवे. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या प्राध्यापकाला तुटपुंज्या मानधनात दर पॅटर्नला नवी भाषा शिकून उभे राहावे लागते, आणि कोणतीच भाषा मुरण्याइतका वेळ त्याला मिळत नाही. २०२१-२२ पासून एआयसीटीईने मराठीसह भारतीय भाषांत अभियांत्रिकी शिकवण्याचा मार्ग खुला केला आहे. त्यासाठी चांगली मराठी पुस्तके लागतील. एखाद्या फ्रेमवर्कवरचे पुस्तक छापून होईपर्यंत शिळे होते. अल्गोरिदम, विदेची रचना, यंत्राची मेमरी, टाइपांची कल्पना यांवरचे मराठी पुस्तक दोन पिढ्या वाचतील, आणि शिक्षकाचा जीवही त्यात रमेल.

तेव्हा पुढच्या पॅटर्नसाठी माझ्या विनंत्या अशा आहेत. संगणकाच्या विद्यार्थ्याला पहिल्या दोन वर्षांत किमान तीन कुळांतल्या भाषा भेटू द्या: एक यंत्राजवळची, एक पायथनसारखी मोकळी, आणि एक ओकॅमल, हॅस्केल किंवा स्कीमसारखी, जिच्यात फलन आणि टाइप केंद्रस्थानी असतात. तिसरीला अर्धे सत्र मिळाले तरी चालेल. एसक्यूएल या तिन्हींबरोबर असावीच. अभ्यासक्रमाच्या मजकुरात संकल्पना लिहा आणि भाषेचे नाव प्रयोगशाळेच्या पुस्तिकेत ठेवा, म्हणजे भाषा बदलायला पाच वर्षे थांबावे लागणार नाही. लेखी परीक्षेत अर्धविराम चुकला म्हणून गुण कापू नका. विद्यार्थ्याला न पाहिलेला वीस ओळींचा कोड द्या आणि तो काय करतो, कोठे मोडेल, किती वेळ घेईल ते विचारा. ओरललाही हेच विचारा. आणि पहिल्या वर्षाची भाषा जी काही ठरवाल, ती का निवडली याचे एक पानभर कारणपत्र मसुद्याबरोबर प्रसिद्ध करा, हरकती आणि सूचना मागवण्याच्या मुदतीआधी, शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना वाचायला पुरेसा वेळ देऊन.